आडमार्ग, भुसावळ परिसरातील
भुसावळहून (जि. जळगाव) हमरस्ता सोडून तापीकाठच्या व सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांकडे जाणारे ग्रामीण रस्ते. पूर्वेकडील वाटा हतनूर धरणाकडे (१९८२) व तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव मंदिराकडे जातात. हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरी पक्षी येत असल्याने काठाने पायी हिंडणे श्रेयस्कर. तापीच्या उत्तरेस यावल-रावेर तालुक्यांतील केळीच्या बागांमधील सपाट रस्ते सायकलीस अनुकूल आहेत. पालकडील घाटरस्त्यास मोटार सोयीची. काळ्या जमिनीतील गाडीवाटा पावसाळ्यात चिखलामुळे बंद पडतात, तर उन्हाळ्यात तापमान ४५° से. पर्यंत चढते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. हे रस्ते मुळात शेतीच्या वाहतुकीचे असून केळी नाशवंत असतात; त्यामुळे अरुंद वाटेवर मालगाडीस प्रथम वाट देणे आवश्यक असते.