असई : शिशाची गोळी आणि क्ष-किरण

भोकरदनच्या बाजूने असईस जाणारा रस्ता कापूस, मका आणि मिरचीच्या शेतांतून जातो, आणि इतिहासाच्या पुस्तकांत ज्याने या गावाचे नाव वाचलेले नाही अशा वाटसरूस, केळणा आणि जुई या दोन ओढ्यावजा नद्यांच्या दुआबात वसलेल्या या खेड्यापाशी मुद्दाम थांबावे असे वाटण्याचे वरकरणी काही कारण नाही. तथापि २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी या दोन प्रवाहांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर जे घडले, त्याने दख्खनच्या राजकारणाचा काटा कायमचा फिरवला. आणि ज्या सेनापतीने ते घडविले, त्या आर्थर वेलस्लीने, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन वॉटर्लू जिंकल्यानंतरही, आपल्या हातून झालेली सर्वोत्तम लढाई कोणती या प्रश्नास ‘असई’ एवढेच उत्तर दिले असे सांगतात.

लढाईची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांनी सांगितलेली आहे. २१ सप्टेंबरास बदनापूर येथे वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची मसलत होऊन, दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन चोवीस तारखेस दौलतराव शिंदे व रघूजी भोसले या मराठा सरदारांच्या फौजेवर एकदम पडावे असे ठरले होते. परंतु तेवीस तारखेस नळणीपाशी पोहोचताच वेलस्लीस शत्रू अगदी जवळ असल्याची खबर लागली, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने एकट्याने हल्ला करण्याचे ठरविले. केळणेस उतार नाही असे वाटाडे शपथेवर सांगत असता, दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे दिसत आहेत त्या अर्थी त्यांच्या जाण्यायेण्याची वाट पाण्यातून असलीच पाहिजे, असा तर्क त्याने बांधला, आणि तो खरा ठरला. पलीकडे पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हाताखाली शिंद्यांच्या कवायती पलटणी व त्यांचा तोफखाना उभा होता. मराठ्यांच्या गोलंदाजांनी तोफांपाशी उभ्याउभ्या प्राण दिले, आणि त्या दिवशी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, असा हिशेब दप्तरात नमूद आहे. शिंद्यांच्या बाजूचे सुमारे बाराशे मृतदेह रणात पडले होते असा वेलस्लीचा अदमास. जखमींचा मात्र असा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. पराभूताच्या जखमा मोजण्याची चाल कोणत्याच सरकारात नसते.

मला या रणाविषयी लिहावेसे वाटते ते या जखमींसाठी. कंपनीच्या जखमींची रवानगी उत्तरेस अजिंठा गावाच्या तटबंदीत झाली आणि तेथे इस्पितळ उभारले गेले. (त्याच गावापासून थोड्या अंतरावर डोंगराच्या कुशीतली लेणी इंग्रज शिकाऱ्यांच्या दृष्टीस पडायला अजून सोळा वर्षे होती.) त्या काळची बंदुकीची गोळी म्हणजे सुमारे सतरा-अठरा मिलिमीटर व्यासाचा, मऊ शिशाचा गोळा, तो हाडावर आपटला की चपटा होई, वाट बदली, आणि अंगरख्याची चिंधी आपल्याबरोबर मांसात ओढून नेई. ती गोळी कोठे आहे हे समजण्यास शल्यवैद्यापाशी दोनच साधने होती : एक त्याचे बोट आणि दुसरी लोखंडी सळई. जखमीस गोळी लागते वेळी तो ज्या पवित्र्यात होता त्याच पवित्र्यात उभे करावे, म्हणजे जखमेचा मार्ग सरळ होतो, ही सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे याची युक्ती तोवर जुनी झाली होती, तरी तिच्याहून शहाणी युक्ती निघाली नव्हती. मराठ्यांच्या छावणीतील जर्राह, म्हणजे देशी शल्यवैद्यही, याहून निराळे काही करू शकला नसता. सळई हाडास लागली की शिशास, हे हाताच्या जाणिवेवरून ओळखायचे. आणि न धुतलेले बोट जखमेत जितके खोल जाई तितकी पू होण्याची खात्री अधिक.

या विषयात पुढील ब्याण्णव वर्षे विज्ञानाची प्रगती किती सावकाश झाली हे पाहण्यासारखे आहे. १८६२ साली गॅरिबाल्डीच्या घोट्यात गोळी शिरली; ती आत आहे की नाही यावर युरोपातील नामांकित शल्यवैद्यांचा वाद महिनेच्या महिने चालला, तेव्हा फ्रेंच शल्यवैद्य नेलातों याने योजलेली, टोकाशी खडबडीत चिनीमातीचा मणी बसविलेली सळई आत फिरवली गेली, आणि मण्यावर शिशाचा करडा डाग उमटल्यावर वाद मिटला. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल विद्युत्‌यंत्र घेऊन धावून गेला. पण वैद्यराजांनी अंगाची फक्त उजवी बाजू तपासू दिली, आणि गोळी होती डावीकडे. ऐंशी दिवस यातना भोगून गृहस्थ वारले. राष्ट्राध्यक्षाची ही गत, तर असईच्या शिपायाची काय कथा!

८ नोव्हेंबर १८९५ च्या सायंकाळी व्यूर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेनच्या अंधाऱ्या खोलीत, काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीपासून दूर ठेवलेला रासायनिक पडदा क्ष-किरणांनी उजळला, आणि ही अगतिकता संपण्यास आरंभ झाला. २२ डिसेंबरास त्याने आपल्या पत्नीच्या हाताची अस्थिचित्रे घेतली. २८ तारखेस निबंध सादर केला. एकस्व घेतले नाही. आणि १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्याची रक्कम विद्यापीठास देऊन टाकली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर याने क्ष-किरणांचे यंत्र वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत नेऊन शिपायांच्या अंगातील गोळ्या शोधल्या, म्हणजे शोध लागून पुरी तीन वर्षे होण्यापूर्वीच ही विद्या हिंदुस्थानच्या रणांगणात पोहोचली होती.

रोंटगेनच्या जन्मगावी, जर्मनीतील लेनेप येथे, १९३२ पासून त्याच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि विद्यार्थ्यांनी स्वहस्ते प्रयोग करावे अशी प्रयोगशाळाही तेथे आहे. तसे एखादे छोटे दालन आपल्या मुलखात व्हावयाचे तर ते कोठे व्हावे, असा प्रश्न कोणी मला केला तर मी असईचे नाव घेईन. एखाद्या विद्येचे मोल ती नसताना काय होत असे हे पाहिल्यावाचून कळत नाही, आणि क्ष-किरण नसताना काय होत असे याचा एवढा मोठा दाखला जालना जिल्ह्यात दुसरा नाही.

त्या दालनात खऱ्या किरणांची गरज नाही, साधा दिवा पुरतो. धुरकट काचेच्या पेटीत मेणाची मांडी, तिच्यात कोठेतरी शिशाची गोळी. प्रेक्षकाने प्रथम एका भोकातून सळई घालून ती शोधावी आणि दमावे. मग दिवा लावावा. पडद्यावर गोळीची सावली पडते, पण ती कातडीलगत आहे की हाडामागे हे त्या एका सावलीवरून सांगता येत नाही; त्यासाठी दिवा काटकोनात फिरवून दुसरी सावली घ्यावी लागते. तालुक्याच्या दवाखान्यात ‘एक समोरून, एक बाजूने’ असे दोन फोटो का काढतात, आणि दुसऱ्याचे पैसे का लागतात, हे ज्याच्या हाताने तो दिवा फिरला त्यास पुन्हा सांगावे लागणार नाही. हाड पांढरे दिसते ते स्वतःच्या पांढरेपणामुळे, हा समजही तेथेच मोडता येईल : मांसातील कार्बन-ऑक्सिजनसारखी हलकी मूलद्रव्ये किरणांस वाट देतात, हाडातील कॅल्शियम पुष्कळसे अडविते, शिसे तर बहुतेक सगळेच, आणि जेथे किरण पोहोचत नाहीत तेथे फिल्म काळी पडावयाची राहते.

दुसऱ्या कोपऱ्यात एक तराजू असावा. आपल्याकडे दोन टोकांची माणसे भेटतात : एक छातीच्या एका फोटोने कर्करोग होईल म्हणून घाबरणारी, दुसरी डोके दुखले की ‘सिटी स्कॅनच काढा, साहेब’ असा आग्रह धरणारी. छातीच्या फोटोतून मिळणारी किरणांची मात्रा एक-दशांश मिलिसीव्हर्टच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. माती, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसास वर्षाकाठी जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. उलट पोटाचा सिटी स्कॅन आठ ते दहांच्या घरात जातो. एका पारड्यात तो स्कॅन ठेवून दुसऱ्यात छातीच्या फोटोंची वजने मुलांनी स्वतः टाकीत जावी. शंभराच्या आसपास पोहोचल्यावर तराजू समतोल होईल. सोनोग्राफी ध्वनीने आणि एमआरआय चुंबकाने चालते, या जातीच्या किरणांनी नव्हे, म्हणून त्यांचे वजन शून्य. सोनोग्राफीशेजारी मात्र ‘येथे गर्भलिंगनिदान होत नाही’ ही ओळखीची पाटी लावावी, जी प्रत्येक केंद्रात कायद्याने लावावी लागते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांआधी कायदा केला, आणि तो करावा लागला ही गोष्टही या विद्येच्या इतिहासात लपवण्याजोगी नाही.

खर्च फारसा नाही. जागा रस्त्यालगत असावी, कारण अजिंठ्याला जाणाऱ्या शाळांच्या सहली या बाजूने वळवता येतील. दाखविण्यास एखादा निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ नेमावा, प्राध्यापक नको. ज्याने आयुष्यभर शेतकऱ्यांस ‘श्वास घ्या, रोखा, हलू नका’ असे सांगितले आहे, त्यास काय समजावून सांगावे आणि कोठे थांबावे हे पक्के ठाऊक असते. मेणाच्या मांडीतील गोळी मात्र त्याने रोज सकाळी नव्या ठिकाणी लपवावी, नाहीतर गावची पोरे तिसऱ्या दिवशी डोळे मिटून सळई घालतील.