शोधनिबंधाची पूर्वतयारी : स्लाइडवरील मुद्द्यापासून युक्तिवादापर्यंत

नवी दिल्ली : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार, चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय खुला आहे. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. परिणामी, शोधलेखनाची वेळ आता पदवीच्या टप्प्यावरच येऊ लागली आहे. वर्गातील स्लाइड सादरीकरण हा तिच्या तयारीचा हाताशी असलेला मार्ग आहे. मात्र स्लाइड आणि निबंध यांतील भेद ओळखला तरच तो उपयोगी पडतो.

‘ठिबक सिंचन – पाण्याची बचत – उत्पन्नात वाढ’ ही ओळ स्लाइडवर पुरेशी वाटते. निबंधात मात्र बचत कशाच्या तुलनेत, ती कोणत्या पिकात व कशी मोजली, वाचलेल्या पाण्यावर लागवड वाढली का, हे सांगावे लागते. स्लाइडवरील आडव्या रेघेमागे दडलेले ‘कारण’ शब्दांत मांडणे, हेच शोधलेखन होय.

हा भेद दुर्लक्षिल्यास काय घडते, याचे गंभीर उदाहरण अमेरिकेतील आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान दुर्घटनेत कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या ‘नासा’तील प्रथेवर चौकशी मंडळाने आपल्या अहवालात टीका केली होती.

सादरीकरण निबंधाला पूरक ठरावे, यासाठी काही पथ्ये पाळता येतात. पहिले, प्रत्येक स्लाइडचे शीर्षक शब्दसमूह नसून पूर्ण विधान असावे आणि त्याखाली केवळ पुरावा असावा. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील मायकल अ‍ॅली यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला आहे. अशी शीर्षके सलग वाचली असता निबंधाचा आराखडा हाती येतो. एखादे विधान जागेवरून हलवूनही अर्थात फरक पडत नसेल, तर तेथे युक्तिवादाचा सांधा निखळलेला आहे, असे समजावे.

दुसरे, प्रत्येक स्लाइडवर संदर्भाची नोंद हवी. स्लाइडवर उतरवलेले परके वाक्य पुढे नकळत निबंधात शिरते. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास कारवाई होऊ शकते.

तिसरे, श्रोत्यांचे प्रश्न सहाध्यायाकडून लिहून घ्यावेत. उत्तर देता आलेला प्रश्न नव्या परिच्छेदाचे बीज ठरतो. अनुत्तरित प्रश्नासाठी एक तर आणखी पुरावा शोधावा लागतो किंवा अभ्यासाच्या मर्यादांमध्ये त्याची प्रांजळ नोंद करावी लागते.

ही सवय पुढेही उपयोगी पडते. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधकाला प्रत्येक सत्रात सल्लागार समितीपुढे सादरीकरण करून प्रगतीचा लेखी अहवालही द्यावा लागतो.