टॉन्सिल कुठे गेले?

वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला पुन्हापुन्हा गंभीर जंतुसंसर्ग होई. रक्त तपासलं, तर त्यात गॅमा ग्लोब्युलिन जवळपास नव्हतंच. म्हणजे जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं गायब! ब्रूटन यांनी ती बाहेरून टोचली आणि मूल सावरलं.

प्रतिपिंडांच्या या अभावाला कारणीभूत असलेलं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे हा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो.

खूण साधी आहे. अशा मुलाच्या घशात बॅटरी मारली की टॉन्सिल अगदी बारीक दिसतात किंवा दिसतच नाहीत. कान वाहणं, सायनस, न्यूमोनिया यांचं चक्र थांबत नसेल, तर रक्तातल्या आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांची पातळी तपासावी. ‘प्रकृतीच नाजूक’ म्हणून वर्षं घालवू नयेत.

उपचार जन्मभराचा. हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडंच, दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून देतात, कारण आयजीजी रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं. बाटली हलवायची नाही, फेस होतो. थेंबही सावकाश सोडायचे. घाई केली की डोकेदुखी, थंडी-ताप. त्वचेखाली टोचण्याचा प्रकारही आहे, तो शिकून घेतल्यावर घरी जमतो. खर्च मात्र मोठा.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा आजारांचं निदान होतं.

आणि एक: तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीत जिवंत विषाणू असतो. घरात असं मूल असेल, तर ती त्याला देऊ नका. भावंडांच्या डोसाबद्दलही आधी डॉक्टरांना विचारा.