मेदवृद्धि : दोष जिभेचा कीं देहाचा ?

लठ्ठ माणूस म्हणजे खादाड माणूस, ही समजूत आपल्या घरांतून इतकी दृढ झाली आहे कीं, पंगतींत स्थूल सुनेच्या पानांत दुसरी पोळी पडली तरी चार नजरा तिकडे वळतात. सडपातळ दीर पांच पोळ्या खातो, त्याचें मात्र कौतुक होतें. हा न्याय कितपत शास्त्रशुद्ध आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, एकविसाव्या अध्यायांत, अतिस्थूलतेचीं कारणें देतांना अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसा झोप यांच्याबरोबर बीजस्वभावही सांगितला आहे. देहाची ठेवण कांहीं अंशीं जन्मतःच येते, हें जुन्यांनीं ओळखलें होतें. ही ठेवण काम कशी करते, तें मात्र गेल्या शंभर वर्षांत उलगडलें.

शरीरांतील ग्रंथि व पेशी रक्तांत जे अंतःस्राव सोडतात, त्यांस हार्मोन म्हणतात. त्यांपैकीं इन्सुलिन हें १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं शोधून काढलें. तें रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवतें, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु मेदाच्या कोठारावरील कारभारीही तेंच आहे. तें वाढलें कीं कोठारांत माल भरला जातो व बाहेर काढण्यास मनाई होते. तें उतरलें म्हणजे सांठविलेली चरबी सुटून इंधन म्हणून जळूं लागते. साखर, मैदा, साबुदाणा यांनीं रक्तांतील साखर झपाट्यानें चढते व मागोमाग इन्सुलिनही. तथापि सारा दोष पिष्टमय अन्नाच्या माथीं मारणें योग्य नव्हे. खर्चाहून जमा अधिक झाली, तर ती भाताची असो वा तुपाची, शेवटीं कोठारांतच जाते. एक ग्रॅम तुपांत सुमारें ९ उष्मांक, तर एक ग्रॅम पिष्टांत ४. हा हिशेब चुकत नाहीं.

मग भरणाऱ्याला 'पुरे' म्हणणारें कोणी नाहीं काय ? आहे. १९९४ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन यांनीं लेप्टिनचा शोध लावला. हें चरबीच्या पेशींतूनच निघतें व कोठार भरल्याचा निरोप मेंदूस देतें. उलट, १९९९ सालीं जपानी संशोधकांस सांपडलेलें घ्रेलिन जठरांतून निघून भुकेची हांक मारतें. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तांत लेप्टिन भरपूरच असतें. मेंदू त्याचें ऐकेनासा झालेला असतो.

खरी कसोटी वजन उतरल्यावर लागते. २०११ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. स्थूल माणसांस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवल्यावर वजन घटलें, लेप्टिन घटलें, घ्रेलिन वाढलें. आणि वर्ष लोटलें तरी भूक पूर्वीपेक्षां अधिकच राहिली. उतरलेलें वजन देहास दुष्काळासारखें वाटतें व तो तें भरून काढूं पाहतो. तेव्हां वजन पुन्हां वाढलें, तर मनोनिग्रह कमी पडला असें म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. थायरॉइड ग्रंथीचा स्राव मंदावल्यासही थकवा येतो, थंडी सोसत नाहीं व वजन वाढतें. तेथें टोमणा नव्हे, रक्ततपासणी हवी.

आतां त्या सडपातळ दिरांविषयीं. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' मासिकांत नव्हे, त्या प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिकांत, आपलीं स्वतःचीं मापें दिलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु युडकिन यांच्या देहांत चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या देहांत शेकडा २१.२ ! आपल्या लोकांत चरबी पोटाच्या आंत लपून बसते व मधुमेहास वाट करून देते. म्हणून तराजूपेक्षां फितीवर अधिक विश्वास ठेवावा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपुढें जाऊं लागला, कीं सावध व्हावें.

उपाय साधे आहेत. आरंभीं कोशिंबीर, उसळ, वरण व पालेभाजी. भात व पोळी त्यांच्या मागून व बेताची. जेवणानंतर शतपावली, रात्रीं पुरेशी झोप. एकादशीस साबुदाण्याची खिचडी, बटाटा व शेंगदाण्याचे लाडू खाऊन 'दुप्पट खाशी' करण्यांत लंघनाचें फळ नाहीं. उलट, एकदम उपासमार करणेंही अहितकारक. महिन्याकांठीं एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झालें. ज्यांस मधुमेहाचें औषध चालू आहे, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून उपास करूं नये.

शेवटीं एक गोष्ट गृहिणींस व त्याहूनही गृहस्थांस सांगावयाची आहे. स्वयंपाक एकत्र असतां पथ्य एकट्यानें होत नाहीं. सर्वांच्या पानांत श्रीखंड व एकीच्या पानांत काकडी, ही शिक्षा झाली, उपचार नव्हे. घरांत ज्याला पथ्य हवें, त्याच्यासाठीं सर्वांचेंच पान थोडें बदलावें. तें त्या सडपातळ दिरांच्याही हिताचेंच आहे.