जुनी टर्बो गाडी घ्यायची का? आधी तिचा इतिहास तपासा

(भागातलं बोलणं वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट करून इथे दिलं आहे.)

आजचा अख्खा भाग एका व्हॉइस नोटवर आहे. आपला एक श्रोता, मूळचा कोल्हापूरचा, नोकरी हिंजवडीत. तो म्हणतो, "दादा, २०१६ ची अबार्थ पुंटो बघितलीय. रनिंग ७१ हजार, सेकंड ओनर, एमएच-१२ पासिंग. गाडीवाला पाच लाख मागतोय. माझ्याकडे साडेपाच आहेत, तीन वर्षांत साठवलेले. पप्पा म्हणतात, ज्या कंपनीने इथलं दुकान बंद केलं तिची गाडी कशाला? थोडे पैसे अजून घातले तर नवी छोटी गाडी येते. तुम्ही सांगा, घेऊ का?"

असे प्रश्न मला बरेच येतात. कुणाला जुनी ऑक्टाव्हिया आरएस हवी असते, कुणाला पोलो जीटी टीएसआय, कुणाला लिनिया टी-जेट. गाडी वेगळी असली तरी प्रश्न तोच असतो. म्हणून आज हो किंवा नाही एवढंच सांगत नाही. कसं ठरवायचं ते सांगतो.

ही गाडी आहे तरी काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कार्लो अबार्थ नावाच्या माणसाने १९४९ मध्ये इटलीत ही कंपनी काढली. साध्या फियाट गाड्या घ्यायच्या आणि त्या पळवायच्या, हे त्यांचं काम. त्याची रास वृश्चिक, म्हणून गाडीवर विंचवाचं चिन्ह. भारतात अबार्थ पुंटो ऑक्टोबर २०१५ मध्ये आली आणि ती बनायची आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात. दिसायला साधी पुंटो, पण आत १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी ताकद, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत दहा लाखांच्या किंचित खाली होती. त्या पैशात एवढा पिकअप देणारी दुसरी नवी गाडी तेव्हा शोधूनही सापडली नसती.

काटेकोर अर्थाने ही स्पोर्ट्स कार नाही, पळणारी हॅचबॅक आहे. पण आपल्या खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार बहुतेक वेळा अशीच असते.

पुढे २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, पण त्याच्या आधीच फियाटच्या गाड्या इथे बनायच्या थांबल्या होत्या. म्हणजे पप्पांचं म्हणणं चूक नाही. मात्र खरी भीती कंपनीची नाही, इंजिनाची आहे. ती समजून घेऊ.

टर्बोचं काम आणि त्याचं म्हातारपण

इंजिनातून धूर बाहेर जातो तेव्हा त्यात गरमी आणि जोर असतो. साध्या गाडीत तो वाया जातो. टर्बोमध्ये त्या धुराच्या वाटेत एक छोटा पंखा बसवलेला असतो. धुराने तो फिरतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढतो आणि दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणजे ताकद जास्त. दाबलेली हवा गरम होते, म्हणून मध्ये इंटरकूलर लावून ती थंड करतात. सगळी गंमत एवढीच आहे. खाली गाडी जरा सुस्त वाटते आणि २००० आरपीएमच्या आसपास पाठीत धक्का बसतो, तो यामुळेच.

आता हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त वेळा फिरू शकतो. आणि तो कशावर टेकलेला असतो? ऑइलच्या पातळ थरावर. त्यामुळे टर्बोचं आयुष्य किलोमीटरपेक्षा ऑइलवर जास्त ठरतं. ऑइल वेळेवर बदललं नाही, स्वस्तातलं घातलं, किंवा एक्सप्रेसवेवर तासभर दाबून चालवून टोलनाक्यापाशी लगेच चावी बंद केली, तर गरम टर्बोतलं ऑइल तिथेच करपतं. त्याचे कण बारीक वाटांत अडकतात. हे एका दिवसात दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी दिसतं, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

म्हणून माझं आजचं मुख्य म्हणणं हे: जुनी टर्बो गाडी घेताना तुम्ही आधीच्या मालकाच्या सवयी विकत घेत असता. साध्या १.२ पेट्रोल गाडीला वाईट सवयी बऱ्याच सहन होतात. टर्बोला होत नाहीत. त्यामुळे ३५ हजार रनिंगची बेवारस गाडी आणि ९० हजार रनिंगची बिलांसकट सांभाळलेली गाडी यात मी डोळे झाकून दुसरी घेईन.

आधीच्या मालकाला काय विचारायचं?

पहिलं, ऑइल किती दिवसांनी बदललं आणि बिलं कुठे आहेत? "सगळं टाइम टू टाइम केलंय" हे उत्तर धरू नका. बिलांवरच्या तारखा आणि किलोमीटर जुळतात का ते बघा. मीटर मागे फिरवलाय का, तेही त्यातच कळतं.

दुसरं, टायमिंग बेल्ट कधी बदलला? टी-जेटमध्ये साखळी नाही, रबरी बेल्ट आहे. तो चालता चालता तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडायची वेळ येते. बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नाही, वर्षांवरही म्हातारा होतो. पुरावा नसेल तर बदललेला नाही असंच समजा आणि तो खर्च किमतीतून वजा करा.

तिसरं, रिमॅप केलाय का? कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून टर्बोचा दाब वाढवतात आणि ताकद काढतात. अशा गाड्यांत हे फार चालतं. रिमॅप म्हणजे गाडी वाईट असं नाही, पण कुणी केला, त्यानंतर किती चालवली, क्लच कधी बदलला हे कळायला हवं. मालक म्हणतो स्टॉक आहे, पण एअर फिल्टर बाहेरचा दिसतोय, सायलेन्सर वेगळा आहे, तर पुढचे प्रश्न विचारा. आणि असा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर क्लेमच्या वेळी अडचण येऊ शकते.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर समजा की कुणीतरी तिला आधीच तयार करून ठेवलंय. चहा प्या, थांबा, थंड झाल्यावर सुरू करा.

सुरू करताना एका मित्राला मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कुठेतरी गळतेय. पांढरा धूर थंडीत दोन मिनिटं दिसला तर ती वाफ आहे. इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर तिथूनच परत फिरा. मग पाच मिनिटं गाडी आहे तशी चालू ठेवा आणि एकदा रेस द्या. तेव्हा निळा भपका आला, तर टर्बोचं किंवा व्हॉल्व्हचं सील गेलेलं असू शकतं.

चालवताना तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलेटर द्या. अर्थात मोकळ्या रस्त्यावर, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नाही. ओढ सलग यायला हवी. काटा वर पळतोय आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. हलकी शिट्टी ऐकू आली तर ठीक, टर्बोचा तो आवाज असतो. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज आला तर बेअरिंगवर शंका घ्या. नुसती हवा सुटल्यासारखा फुसफुस आवाज आणि ओढ कमी, तर बऱ्याचदा एखादी नळी फाटलेली असते. ते काम स्वस्तातलं आहे, आणि भाव कमी करायला चांगलं कारण आहे.

यानंतर गाडी स्वतःच्या ओळखीच्या गॅरेजवर न्या, विकणाऱ्याच्या नाही. मिस्त्रीला दोन गोष्टी करायला सांगा. एक, चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकच सिलिंडर खाली असेल तर विषय संपला. दोन, ओबीडी स्कॅन. इथे एक छोटी युक्ती आहे. एरर नाही म्हणून खूश होऊ नका. स्कॅनरमध्ये रेडीनेस मॉनिटर बघायला सांगा. ते "नॉट रेडी" दाखवत असतील, तर एरर नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. मग शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करायला मागा. जो मालक नाही म्हणेल, त्याला नमस्कार करा.

आणि हो, आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं आहे. २०१६ च्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील कडक किंवा ओलसर झालेत का, तेही वर टांगल्यावर बघून घ्या.

आता पैशांचं बोलू

आपल्या मित्राकडे साडेपाच आहेत आणि गाडी पाचला. उरले पन्नास हजार. त्यातून ट्रान्सफर आणि विमा वजा करा. म्हणजे पहिल्या महिन्यात काही निघालं तर हात रिकामे.

मी असा हिशोब करतो. गाडी ठरवायच्या आधी गॅरेजवरून पाच गोष्टींचे भाव लेखी घ्यायचे: टर्बो दुरुस्ती, टायमिंग बेल्टचा पूर्ण सेट, क्लच, चार टायर आणि सस्पेंशन. पार्ट किती दिवसांत येतो, हेही विचारायचं. ही जुनी फियाट आहे, पार्ट मिळतो, पण कधी कधी वाट बघायला लागते. या पाचांपैकी कुठलीही दोन कामं पहिल्या वर्षी निघतील असं धरून चालायचं. तेवढे पैसे गाडी घेतल्यावरही बाजूला राहत असतील तरच घ्यायची. माझ्या मते एकूण पैशांपैकी पाव हिस्सा तरी हातात राहिला पाहिजे. साडेपाच असतील तर गाडी चारच्या आसपास बसायला हवी.

दुसरा प्रश्न पैशांपेक्षा मोठा आहे. गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली, तर ऑफिसला कसा जाणार? घरी बाइक असेल, कंपनीची बस असेल, तर ठीक. हीच घरातली एकमेव गाडी असेल आणि आई-पप्पांना दवाखान्यात न्यायलाही तीच असेल, तर पप्पांचं ऐक. छोटी नवी गाडी घे. त्यात कमीपणा काही नाही. हौस दोन वर्षांनी पुरी होईल.

म्हणून मित्रा, तुझ्यासाठी उत्तर: पाच लाखांना, या बजेटमध्ये, नको. बिलं पूर्ण असतील, बेल्ट बदललेला असेल, टेस्ट चांगल्या आल्या आणि भाव खाली आला, तर घे, आणि मग बिनधास्त घे. गाडी खरंच मजा देते.

कागद

टोकन द्यायच्या आधी वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालक, विमा आणि बँकेचा बोजा बघा. ई-चलन वेगळं तपासा. कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ लागेल. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०. एजंटच्या हातात कोऱ्या सह्या देऊन येऊ नका. विमा स्वतःच्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवा. आणि एनसीबी मालकाची असते, गाडीबरोबर येत नाही. दिल्ली किंवा बंगळूरची स्वस्त गाडी दिसली तर भाव करताना इथला रोड टॅक्स धरा. तो इथे पुन्हा भरावा लागतो.

घेतलीच, तर पहिल्याच आठवड्यात ऑइल, फिल्टर, कूलंट, प्लग बदला. पुढे ऑइल कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात बदला. घाट चढून आल्यावर एक मिनिट गाडी चालू ठेवा, मग बंद करा. आणि प्रत्येक बिल एका फाइलमध्ये लावून ठेवा. उद्या तुम्ही विकायला काढाल, तेव्हा समोरचा पोरगाही हा भाग ऐकूनच आलेला असेल!

तुमच्या मनात अशी कुठली जुनी गाडी असेल तर व्हॉइस नोट पाठवा. गाडीचं वर्ष, रनिंग आणि तुमचं बजेट नक्की सांगा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा.