पुढच्या चाकांवरचा भार
पिंपळगाव रेणुकाई परिसरातील काळ्या मातीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत, 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 प्रमाणेच, इंजिनाचे बळ पुढच्या चाकांना मिळते. खेचणे आणि वळवणे ही दोन्ही कामे त्यांच्यावरच पडत असल्याने वेगात वळताना गाडीचे नाक वळणाबाहेर सरकते. कॉइलओव्हर, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच बसवलेली व बहुधा उंची बदलता येणारी स्प्रिंग, जुळवताना मागची बाजू तुलनेने कडक ठेवली, तर वळणात भाराचे आडवे स्थलांतर मागच्या दोन चाकांमध्ये अधिक होते आणि पुढच्या टायरांची पकड टिकते. अतिरेक केल्यास मात्र ओल्या रस्त्यावर मागची बाजूच घसरते. काळी माती फुगून-आकसून रस्ता उंचसखल करते, अशा ठिकाणी गाडी फार खाली उतरवणे घातकच, कारण स्प्रिंगला दबण्यास जागा उरत नाही.