मध्यम कसबाचा कुबेर

एखाद्याची उंची दुसऱ्याच्या दुप्पट असली तर आपण थांबून बघत राहू. बुद्ध्यांकही बहुतेकांचा मधल्याच पट्ट्यात. मग पैसाच तेवढा एकाकडे दुसऱ्याच्या लाखपट कसा?

सिसिलीतल्या कॅटानिया विद्यापीठाच्या प्लुचिनो आणि रापिसार्दा या भौतिकशास्त्रज्ञांनी अर्थतज्ज्ञ बिओन्दो यांना सोबत घेतलं आणि हा खेळ संगणकावर मांडला. २०१८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माणसं १,०००, सगळी काल्पनिक. प्रत्येकाची पुंजी सारखीच, १०. कसबाचा आकडा ० ते १ मधला, सरासरी ०.६. विशी ते साठी, दर सहा महिन्यांनी एक चाल. भोवती शुभ-अशुभ प्रसंगांचे ठिपके भटकतात. अशुभ ठिपका भिडला की पुंजी निम्मी. तिथे हुशारी उपयोगी पडत नाही. शुभ भिडला तर दुप्पट, पण ती संधी साधली तरच. कसब ०.६ असेल तर दहांतल्या सहा संधी साधतात.

चाळीस वर्षं सरली तेव्हा वरच्या २० जणांकडे एकूण पुंजीतला ४४ टक्के वाटा होता. पहिल्या नंबरवाल्याचं कसब किती? ०.६१! म्हणजे चारचौघांसारखंच. त्याच्याकडे २,५६० जमले होते. दहा आठ वेळा दुप्पट करून पाहा, नेमका हाच आकडा येतो. सर्वांत कसबी गड्याच्या हाती पुरता एकही उरला नाही.

मख्खी आहे ती गुणाकारात. नशिबाने बेरीज-वजाबाकी केली असती, तर फरक उंचीइतकाच राहिला असता. पण पैशाला पैसा मिळतो तो पटीत, त्यामुळे लागोपाठ जुळून आलेले पाच-सहा काकतालीय योग डोंगर उभा करतात.

अर्थात, या खेळाचे नियमच नशिबाच्या बाजूने झुकलेले आहेत. खरा हुशार माणूस काही संकटं आधीच ओळखून टाळतो, हे त्यात धरलेलंच नाही. तेव्हा एखाद्या अब्जाधीशाच्या यशात नशीब किती टक्के, हे यावरून सांगता येणार नाही. मात्र कोणीच असामान्य नसतानाही प्रचंड विषमता उपजू शकते, एवढं यातून नक्की दिसतं. आणि माझ्या मते तेच जास्त अस्वस्थ करणारं आहे.

या कामाला २०२२ मध्ये अर्थशास्त्राचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार मिळाला. प्लुचिनो आणि रापिसार्दा यांचा हा दुसरा. पहिला २०१० चा: बढत्या चिठ्ठ्या टाकून दिल्या तर संस्था अधिक कार्यक्षम होतील, हे गणिताने दाखवल्याबद्दल.